पदं ऐकली, निरूपण कव्हरवर राहिलं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की साठच्या दशकातल्या ब्रिटिश सायकेडेलिक रॉकमधला (म्हणजे नशेतल्या स्वप्नासारखे चित्रविचित्र आवाज काढणारं रॉक) माझा सगळ्यात लाडका बँड बीटल्स नाही आणि पिंक फ्लॉइड पण नाही, तो आहे द प्रिटी थिंग्ज. एवढंच. लगेच विषय बदलला होता. पण त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं पान सगळं त्यालाच. ज्यांनी हेडफोन आणि स्पीकरबद्दल विचारलंय त्यांनी एक महिना धीर धरा.

प्रश्न : हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कोण हे, कुठले? आणि तुम्ही म्हणता तेवढे भारी होते तर आमच्यापर्यंत पोचले कसे नाहीत? (एक वाचक, सांगली)

नाव ऐकलेलं नसणं यात तुमची काही चूक नाही हो. खुद्द इंग्लंडात पण रस्त्यावर दहा जणांना विचारलं तर नऊ जण खांदे उडवतील.

लंडनच्या पूर्वेला केंटमध्ये डार्टफर्ड नावाचं गाव आहे. रोलिंग स्टोन्स या बँडचा मिक जॅगर तिथला, कीथ रिचर्ड्स तिथलाच, २०२३ मध्ये गावाने दोघांचे पुतळे पण बसवले. त्याच गावातले अजून दोघं म्हणजे डिक टेलर आणि फिल मे. यांचे पुतळे नाहीत. डिक टेलर हा जॅगरचा शाळेतला दोस्त, पोरापोरांचा पहिला बँड होता त्यात तो होता, आणि १९६२ मध्ये रोलिंग स्टोन्स सुरू झाला तेव्हा बेस वाजवायला हाच. काही महिने वाजवलं आणि मग आर्ट कॉलेजात शिकायचंय म्हणून सोडून दिलं, त्याच्या जागी पुढे बिल वायमन आला. ही गोष्ट मी आमच्या घरी सांगितली तेव्हा आई म्हणाली, बरोबर केलं पोराने, शिक्षण आधी. मुलगा म्हणाला, वेडा आहे का तो.

तर १९६३ मध्ये टेलर आणि फिल मे यांनी हा बँड काढला. नाव घेतलं बो डिडली या अमेरिकन गायकाच्या एका गाण्यावरून. नाव काय तर 'छान छान गोष्टी', आणि अवतार असा की शेजारच्या काकू दार लावून घेतील. फिल मे स्वतःला ब्रिटनमधला सगळ्यात लांब केसांचा माणूस म्हणवून घ्यायचा. स्टोन्स त्यांच्यापुढे बँकेत नोकरीला असल्यासारखे दिसायचे, गाणं पण तसंच, ओरबाडून काढल्यासारखं. १९६४ मध्ये त्यांचं 'डोन्ट ब्रिंग मी डाउन' ब्रिटिश चार्टवर १० नंबरला गेलं, १९६५ मध्ये 'हनी आय नीड' १३ नंबरला, आणि त्याच वर्षी पहिला अल्बम ६ नंबरला. म्हणजे सुरुवात दणक्यात होती, हे लक्षात ठेवा. यांना कुणी ओळखतच नव्हतं असं बिलकुल नाही.

मग गाडी घसरली ती एकेक करत. त्यांचा ड्रमर व्हिव्ह प्रिन्स, अफाट वाजवायचा आणि अफाट प्यायचा. १९६५ मध्ये न्यूझीलंडचा दौरा केला तिथे याने स्टेजवर आगी लावण्यापर्यंत मजल नेली, पेपरवाल्यांनी झोडपलं, प्रकरण तिथल्या पार्लमेंटमध्ये गेलं, परत येताना त्याला विमान सुटायच्या आधीच खाली उतरवलं. त्याच वर्षाअखेर तो बँडमधून गेला. (आणि महिन्याभरात द हू या बँडचा कीथ मून आजारी पडला तेव्हा काही कार्यक्रमांना बदली म्हणून हाच प्रिन्स वाजवायला गेला होता. द हू हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणारे.) १९६६ मध्ये एका सिंगलच्या (म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला गाणं टाकलं, नाव 'एलएसडी', म्हणजे नशेच्या द्रव्याचंच नाव. विचारलं तर म्हणायला मोकळे की अहो आम्ही पौंड, शिलिंग, पेन्सबद्दल बोलतोय, जुन्या ब्रिटिश पैशांची अक्षरं तीच ना. असल्या गोष्टींनी पोरं खूश होतात, रेडिओवाले नाही.

आणि सगळ्यात महागात पडलेली गोष्ट : साठच्या दशकात हा बँड अमेरिकेला गेलाच नाही. स्टोन्स १९६४ मध्येच जाऊन आले, अ‍ॅनिमल्स गेले, किंक्स गेले, अगदी ज्यांचं एकच गाणं गाजलं असे पण जाऊन आले. हे राहिले. त्या काळात अमेरिका म्हणजे बाजार, तिथे दुकानच लावलं नाही तर माल कितीही चांगला असू दे. तुमच्या 'कसे नाहीत पोचले'चं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं पुढच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : मी एका ठिकाणी वाचलं की जगातला पहिला रॉक ऑपेरा या बँडने केला आणि द हू ने तो ढापून 'टॉमी' बनवला. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. चहा घेऊन बसा, उत्तर लांबडं आहे. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रॉक ऑपेरा म्हणजे अल्बमभर गाण्यांतून एकच सलग गोष्ट.)

१९६७ मध्ये बँडचं जवळजवळ नूतनीकरण झालं. आधीच्या कंपनीने त्यांच्या 'इमोशन्स' या अल्बमवर न विचारल्यासारखा ऑर्केस्ट्रा ओतला होता, ट्रम्पेट काय, व्हायोलिन काय, लग्नाच्या बँडसारखं झालं होतं ते. तिथून ते ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडे आले. बेसला वॉली वॉलर आला, कीबोर्डला जॉन पोवे, दोघं पण फेनमेन नावाच्या बँडमधून आलेले आणि दोघं पण उत्तम गाणारे, त्यामुळे आतापर्यंत जिथे एकटा फिल मे ओरडत होता तिथे अचानक तीन आवाजांची सुंदर वीण यायला लागली. आणि प्रोड्यूसर मिळाला नॉर्मन स्मिथ. हा माणूस म्हणजे 'रबर सोल'पर्यंत बीटल्सचं रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर, नंतर पिंक फ्लॉइडचा प्रोड्यूसर. नवीन आवाज काढायचाय म्हटल्यावर घाबरणारा नाही, उलट स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे येणारा.

नोव्हेंबर १९६७ मध्ये 'डिफेक्टिंग ग्रे' नावाचं सिंगल आलं. एका गाण्यात तीन-चार गाणी कोंबलीयेत. आधी झोक्यावर बसवल्यासारखी तीन मात्रांची चाल, मग एकदम कुणीतरी झोका तोडल्यासारखी गिटार, परत झोका, मध्येच उलटी फिरवलेली टेप. चाललं नाही. अर्थातच चाललं नाही, सिंगल घेणाऱ्याला गुणगुणता यायला पाहिजे ना. पण त्यातून त्यांना दिसलं की तुकडे जोडून मोठं काहीतरी करता येईल. फिल मेने एक छोटी कथा लिहिली होती, तिच्यावर अ‍ॅबी रोड स्टुडिओत नोव्हेंबर १९६७ ते सप्टेंबर १९६८ असं सवडीसवडीने काम झालं, आणि डिसेंबर १९६८ मध्ये अल्बम आला, 'एस. एफ. सॉरो'. कव्हरचं चित्र पण फिल मेनेच काढलेलं, आर्ट कॉलेज असं कामाला आलं.

कथा सांगतो. सेबॅस्टियन एफ. सॉरो नावाचा मुलगा एका छोट्या गावात जन्मतो, मोठा होऊन गावातल्या कारखान्यात लागतो, त्या कारखान्याचं नावच दुःखाचा कारखाना. शेजारच्या मुलीवर प्रेम बसतं. मग युद्ध, हा सैन्यात. युद्ध संपल्यावर परदेशात स्थायिक होतो, प्रेयसीला बोलावून घेतो, ती ज्या महाकाय बलूनमधून येते ते उतरता उतरता पेटतं आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत जाते. इथे एलपीची पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला बॅरन सॅटर्डे नावाचा एक काळा जादूगार टाइप माणूस येतो, हैतीच्या वूडू पंथातल्या मृत्यूच्या देवावरून घेतलेला, तो सॉरोला त्याच्याच मनाच्या तळघरात फिरवून आणतो, आणि शेवटी उरतो तो कुणावरच विश्वास न बसणारा एकटा म्हातारा. शेवटचं गाणं दीड मिनिटाच्या आत संपतं, नुसती गिटार आणि आवाज. एवढ्या गदारोळानंतर इतकं छोटं, की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं टेप संपली.

आता 'पहिला' हा शब्द. मी वापरत नाही, कारण पहिला म्हटलं की भांडण. निर्वाणा नावाच्या एका ब्रिटिश जोडीने (कर्ट कोबेनचा तो नव्हे, हे वीस वर्षं आधीचे) ऑक्टोबर १९६७ मध्येच सायमन सिमोपाथ नावाच्या पोराची सलग गोष्ट अल्बमभर गायली होती, ती हलकीफुलकी आहे पण आहे. तरी जन्मापासून म्हातारपणापर्यंत एका माणसाचं आयुष्य, तेही इतक्या गंभीरपणे, हे रॉकमध्ये 'एस. एफ. सॉरो'ने 'टॉमी'च्या आधी केलं हे तारखांनीच सिद्ध आहे : हा डिसेंबर १९६८, 'टॉमी' मे १९६९.

ढापलं का? 'टॉमी' लिहिणाऱ्या, द हू च्या पीट टाउनशेंडने आपल्यावर याचा प्रभाव असल्याचं नाकारलंय. 'टॉमी'चं रेकॉर्डिंग सप्टेंबर १९६८ मध्येच सुरू झालं होतं आणि टाउनशेंडच्या डोक्यात असल्या कल्पना त्याच्याही आधीपासून घोळत होत्या, १९६६ मध्येच त्याने नऊ मिनिटांचं छोटं कथागीत केलं होतं. त्यामुळे चोरी-बिरी मला पटत नाही. एकाच गल्लीत दोघांनी एकाच वर्षी गणपती बसवला म्हणून मूर्ती चोरली असं होत नाही.

मग खरं नुकसान कशात झालं? दोन गोष्टीत.

एक, तारीख. ब्रिटनमध्ये डिसेंबरला आला, पण अमेरिकेत तो काढायला कंपनीने लावला वेळ. शेवटी १९६९ मध्ये मोटाऊनच्या रेअर अर्थ नावाच्या नव्या कोऱ्या लेबलवर तो आला. मोटाऊन! सोल संगीतवाली कंपनी, रॉकमध्ये नुकती हात मारायला लागलेली. कव्हरचा वरचा भाग गोल कापलेला, म्हणजे थडग्यावरच्या दगडाच्या आकाराचा, दुकानाच्या रॅकमध्ये नीट उभा राहत नसेल बिचारा. आणि तोवर 'टॉमी' बाजारात होता, द हू तो घेऊन अमेरिकाभर फिरत होते, ऑगस्टमध्ये वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात पण वाजवला. त्यामुळे तिकडच्या ऐकणाऱ्याला वाटलं हे 'टॉमी'ची नक्कल करणारे कोण आले. आधी येऊन मागाहून आलेले ठरले.

दुसरी गोष्ट बँडच्या चाहत्यांना आवडत नाही पण सांगतो. आपल्याकडे कीर्तनात बुवा पद म्हणतात, मग थांबून निरूपण करतात, गोष्ट पुढे सरकते, मग पुढचं पद. 'एस. एफ. सॉरो'मध्ये पदं रेकॉर्डवर आहेत आणि निरूपण कव्हरवर छापलंय. खरंच, गाण्यांच्या शब्दांच्या मधेमधे कथेचे परिच्छेद छापलेत आणि ते वाचल्याशिवाय काय चाललंय ते कळत नाही. मी हे अनुभवाने सांगतोय. कॉलेजात असताना पुण्याच्या हॉस्टेलवर एका सीनियरने मला हा अल्बम कॅसेटवर भरून दिला, घाईत लेबलं उलटी चिकटवली, म्हणजे ए बाजूवर बी आणि बी वर ए. मी दोन वर्षं, दोन वर्षं सांगतोय, आधी बॅरन सॅटर्डे, मग एकटा म्हातारा, आणि मग त्याचा जन्म अशा क्रमाने ऐकत होतो. आणि मला काहीही खटकलं नाही! उलट शेवट मृत्यूने होतो म्हणून मी त्यावर पोरांना भाषण पण दिलं होतं. पुढे सीडी हातात आली तेव्हा कळलं. आता 'टॉमी'ची गोष्ट पण काही फार सरळ नाहीये, पण त्यात माणसं एकमेकांशी बोलतात, गाण्यातूनच प्रसंग कळतो, आणि द हू ते रोज स्टेजवर उभे राहून सांगत होते. प्रिटी थिंग्जनी त्या वेळी स्टेजवर काय केलं तर टेप लावून मूकाभिनय. म्हणजे निरूपण तर सोडाच, पदं पण म्हटली नाहीत.

संगीत मात्र, काय सांगू. 'प्रायव्हेट सॉरो'मध्ये लष्करी चालीचा ड्रम आणि वर बासरीसारखा कोवळा सूर, आणि शेवटाकडे मागे कुणीतरी मेलेल्यांची यादी वाचल्यासारखं सपाट आवाजात वाचतंय. मग लगेच 'बलून बर्निंग', एकाच सुरावर धडाधड धावणारी गिटार, आग दिसते अक्षरशः. ती ऐकल्यावर निरूपण गेलं खड्ड्यात असं मलाच वाटतं.

प्रश्न : मी मिरजेचा. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत भोपळे टांगलेले बघत मोठा झालो. या इंग्रज लोकांनी सतार वाजवली म्हणतात ती खरंच सतार होती का नुसता आवाज? आणि जमली का त्यांना? (एक वाचक, मिरज)

सतार खरीच होती, कीबोर्डवाल्या जॉन पोवेने वाजवलीये. 'एस. एफ. सॉरो'मध्ये ती दोन-तीन ठिकाणी येते आणि 'डेथ' या गाण्यात सगळ्यात ठळक.

जमली का, तर तुमच्या गल्लीतल्या कारागिराला ऐकवू नका. मींड नाही, राग नाही, जोड-झाला तर लांबच. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्या गाण्यात सतार घेतली आणि मग लंडनमधल्या प्रत्येक बँडला ती हवीशी झाली, बऱ्याच ठिकाणी तर ती नुसती उदबत्तीसारखी लावलीये, वास यावा म्हणून. रविशंकरांना या सगळ्या प्रकाराचा वैताग होता तो उगाच नाही.

पण 'डेथ' वेगळं आहे असं माझं मत. गाणं संथ, ड्रम म्हणजे ताशाची काठी कुणीतरी जड हाताने एकेक टाकतंय तसा, मयताच्या मागे चालल्यासारखा. त्याच्यामध्ये सतारीची एक तार छेडून सोडून दिलीये, तरफांचा झंकार विरेपर्यंत कुणी घाई करत नाही. राग वाजवायचा आव नाही. त्यांना भारत नको होता, फक्त तो विरत जाणारा आवाज हवा होता. एवढ्यापुरतं त्यांनी वाद्य नीट ओळखलं. तुम्ही ऐका आणि मला कळवा, तुमचा कान माझ्यापेक्षा तयार असणार.

प्रश्न : हे सगळं ड्रग्ज घेऊन केलेला गोंगाट आहे, तुम्ही तरुण मुलांपुढे त्याचं कौतुक कशाला करता? आमच्या गोव्यात सायकेडेलिक पार्ट्यांनी काय झालं ते आम्ही बघितलंय. (एक वाचक, म्हापसा)

काका, रागावू नका. सायकेडेलिक हा शब्दच मुळात डॉक्टरी आहे, हम्फ्री ऑस्मंड नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात बनवला, आणि एलएसडी ब्रिटनमध्ये १९६६ पर्यंत कायद्याने बंद पण नव्हतं. बँडवाले घेत होते का, हो. नाकारण्यात अर्थ नाही. पण दहा महिने चार ट्रॅकच्या मशीनवर एकावर एक थर चढवत बसणं, एक थर भरला की तो दुसऱ्या टेपवर उतरवून जागा मोकळी करणं, आणि त्यात तीन आवाज सुरात ठेवणं, हे काम शुद्धीत असलेल्या माणसांचं आहे. शिवाय अल्बमचा विषय बघा, कारखाना, युद्ध, वियोग, म्हातारपण. फुलं आणि इंद्रधनुष्य नाहीतच त्यात.

तुमच्याकडच्या अंजुण्याच्या पार्ट्यांचं संगीत ते गोवा ट्रान्स, नव्वदच्या दशकातलं, मशीनवर बनवलेलं. आडनाव एक आहे, घराणं वेगळं.

प्रश्न : पुढे बँडचं काय झालं? तुटला का? (एक वाचक, डोंबिवली)

तुटला, जुळला, परत तुटला, परत जुळला. तुमच्या डोंबिवली लोकलसारखं, लेट होते, रद्द होते, पण कधीतरी येतेच.

'एस. एफ. सॉरो' ब्रिटिश चार्टवर आलाच नाही. डिक टेलर हताश होऊन १९६९ मध्ये बाहेर पडला आणि त्याने हॉकविंड नावाच्या बँडचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला, म्हणजे रिकामा बसला नाही. ड्रमर ट्विंक, जो मधेच येऊन रेकॉर्डिंगच्या शेवटी शेवटी सामील झाला होता, तो पण गेला. उरलेल्यांनी नॉर्मन स्मिथबरोबरच १९७० मध्ये 'पॅराशूट' केला. काही लोक याला 'सॉरो'पेक्षा वर ठेवतात आणि मी त्यांच्याशी भांडत नाही. शहर विरुद्ध गाव असा त्याचा सूर आहे, आवाजांची वीण तर आणखी घट्ट. तो ४३ नंबरपर्यंत पोचला आणि उतरला. गंमत अशी की १९७१ मध्ये नॉर्मन स्मिथ स्वतःच हरिकेन स्मिथ या नावाने गायला लागला आणि त्याचं गाणं ब्रिटनमध्ये २ नंबरला गेलं. बँड बघत राहिला, प्रोड्यूसर स्टार.

पोटापाण्यासाठी त्यांनी एक उद्योग केला होता त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. डी वुल्फ नावाची एक कंपनी सिनेमा-टीव्हीसाठी तयार संगीत विकायची, म्हणजे कुणाला पार्टीच्या सीनसाठी रॉक पाहिजे असेल तर गोदामातून काढून द्यायचं. तिच्यासाठी हे लोक इलेक्ट्रिक बनाना या नावाने अल्बमच्या अल्बम भरून द्यायचे. एका विनोदी ब्रिटिश सिनेमात तर बँड स्वतःच पडद्यावर दिसतो. स्वतःच्या नावाने विकलं जात नाही ते केळ्याच्या नावाने विकलं.

१९७३ मध्ये डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने आपल्या आवडत्या जुन्या गाण्यांचा अल्बम काढला त्यात यांची एक नाही, दोन गाणी घेतली. मग लेड झेपेलिनने स्वतःचं लेबल काढलं, स्वान साँग, त्यावर १९७४ मध्ये यांचा 'सिल्क टॉर्पेडो' आला. आता तरी होईल असं सगळ्यांना वाटलं. १९७६ मध्ये फिल मेच बाहेर पडला. १९८०च्या दशकाबद्दल न बोललेलं बरं.

नव्वदच्या दशकात मात्र त्यांनी नव्या मॅनेजरच्या जोरावर कंपन्यांशी कोर्टकज्जे करून जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क परत मिळवले. आणि मग ६ सप्टेंबर १९९८ ला, अल्बम आल्याला तीस वर्षं होत आली असताना, परत त्याच अ‍ॅबी रोड स्टुडिओत जाऊन आख्खा 'एस. एफ. सॉरो' पहिल्यांदा सलग लाइव्ह वाजवला, इंटरनेटवरून प्रक्षेपण केलं. १९९८ मध्ये! आपल्याकडे तेव्हा मोडेम कोंबड्यासारखा आरवायचा. पाहुणा गिटारवाला पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर. आणि कथा वाचायला कोण, तर आर्थर ब्राउन, जो १९६८ मध्ये डोक्यावर पेटतं शिरस्त्राण घालून गायचा तोच. गाण्यांच्या मधे तो उभा राहून गोष्ट पुढे नेतो. बुवा मिळाले एकदाचे! हे रेकॉर्डिंग 'रिझरेक्शन' नावाने निघालं, त्यात आवाज म्हातारे झालेत, काही ठिकाणी धाप लागलीये, पण गोष्ट कळते. मी मूळ अल्बमच्या खालोखाल हेच ऐकतो.

शेवटचा कार्यक्रम १३ डिसेंबर २०१८ ला लंडनमध्ये झाला, गिल्मोर परत आला होता, व्हॅन मॉरिसन पण होता. फिल मेची फुप्फुसं तोवर थकली होती, म्हणून मग विजेच्या गिटारी बाजूला ठेवून नुसत्या लाकडी गिटारवर जुनी ब्लूज गाणी रेकॉर्ड करायला बसले. ती रेकॉर्ड २०२० मध्ये आली. ती येण्याआधीच, १५ मे २०२० ला फिल मे गेला, ७५ वर्षांचा होता. सायकलवरून पडला, मांडीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यात गुंतागुंत झाली.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? आणि असेच अजून कोण? मी १९ वर्षांची आहे, एलपी प्लेयर नाहीये. (एक वाचक, कोल्हापूर)

प्लेयर लागत नाही गं, फोनवर सगळं आहे. फक्त शफल बंद कर, माझ्यासारखं होईल. आधी 'डिफेक्टिंग ग्रे' ऐक, आवडलं नाही तर पुढे जाऊच नकोस, वेळ वाचेल. आवडलं तर 'एस. एफ. सॉरो' एका बैठकीत, आणि शक्य असेल तर मोनो मिक्स (दोन्ही कानांत एकच आवाज येतो ते), स्टिरिओत काही गाणी जरा विस्कटल्यासारखी वाटतात मला. कथेचा मजकूर शोधून समोर ठेव. मग 'पॅराशूट'. पहिला अल्बम शेवटी ऐक, म्हणजे हीच माणसं का ती असं वाटून मजा येईल.

अजून कोण : टुमॉरो (यात पुढे 'येस' या बँडमध्ये गेलेला गिटारवाला स्टीव्ह हाउ आहे), कॅलिडोस्कोप (लंडनचा, अमेरिकेत याच नावाचा दुसरा आहे), आणि झॉम्बीजचा 'ओडेसी अँड ऑरॅकल'. झॉम्बीजचं तर बँड मोडल्यावर गाणं अमेरिकेत हिट झालं, १९६९ मध्ये. वाजवायला माणसंच जागेवर नव्हती.

प्रश्न : मुलगा लंडनला शिकायला गेलाय, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जातोय. अ‍ॅबी रोडला जायचं मनात आहे, आत सोडतात का? (एक वाचक, ठाणे)

एरवी आत सोडत नाहीत, चालू स्टुडिओ आहे तो. बाहेर ते प्रसिद्ध झेब्रा क्रॉसिंग आहे, तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग आणि त्यांच्यावर हॉर्न वाजवणारे बसवाले, अगदी घरच्यासारखं वाटेल.

एक नक्की सांभाळा. अ‍ॅबी रोड नावाचं एक स्टेशन आहे तिथे उतरू नका, ते लंडनच्या पूर्वेला भलतीकडेच आहे आणि रोज कुणी ना कुणी तिथे उतरून क्रॉसिंग शोधत फिरतं. तुम्हाला उतरायचंय सेंट जॉन्स वूडला, ज्युबिली लाइन, तिथून पाच-सात मिनिटं चालत.

स्टुडिओच्या पुढच्या भिंतीवर लोक काहीबाही लिहितात, भिंत भरली की ते परत पांढरा रंग मारतात. पेन न्या. सगळीकडे बीटल्सच असेल, तुम्ही कोपऱ्यात देवनागरीत 'एस. एफ. सॉरो' लिहा आणि फोटो मला पाठवा, रंग मारायच्या आत.